शेतरस्त्याचा जीआर आणि कायदा मोबाईलवर कसा शोधायचा



आज फवारणी नाही की खताचा डोस नाही, विषय जरा वेगळा आहे. गेल्या पंधरवड्यात चार-पाच सभासदांनी मला एकच फॉरवर्ड पाठवला. "नवीन जीआर आला, अर्ज केला की तहसीलदार सात दिवसांत शेताचा रस्ता खुला करून देणार." खाली ना तारीख, ना विभाग, ना क्रमांक. आपले एक सभासद त्याच भरवशावर थांबले. शेजाऱ्याने वहिवाटीच्या रस्त्यावर चर मारलाय, ट्रॅक्टर आत जात नाही, ऊस निघायचा आहे. माझ्याकडे आले तेव्हा चर मारून पाच महिने उलटले होते. हे पाच महिने का महत्त्वाचे, ते खाली सांगतो.

*आधी जीआर खरा आहे का ते बघा*

खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: हा निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा सांकेतांक अमुक. हा सांकेतांक १८ आकडी असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. २०२११११ असं सुरू होत असेल तर तो नोव्हेंबर २०२१ चा. शासनाच्या संकेतस्थळावर 'शासन निर्णय' उघडा, सांकेतांकाच्या चौकटीत तो आकडा टाका (इंग्रजी आकड्यांत). कागद खरा असेल तर समोर येतो. फोटोत आकडाच नसेल तर तो कागद तहसीलला घेऊन जाऊ नका, हसं होतं.

*आकडा माहीत नसेल तर*

मग शब्दावरून शोधायचं. इथेच बहुतेक जण अडकतात, मीही अडकलो होतो. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेचा जीआर शोधताना मी पूर्ण नाव टाइप केलं, विभाग 'कृषी' निवडला. काहीच आलं नाही. दोन चुका होत्या. एक म्हणजे सरकारी कागदात 'समृध्दी' असं जोडाक्षर असतं आणि आपण 'समृद्धी' लिहितो. मशीनला ते दोन वेगळे शब्द वाटतात. दुसरी म्हणजे ती योजना रोजगार हमीची, म्हणून जीआर नियोजन विभागाचा आहे, कृषीचा नाही.

तेव्हा विभाग रिकामा सोडा आणि एकच शब्द टाका, तोही सरकारी. आपण 'शेताची वाट' म्हणतो, कागदात 'पाणंद', 'शेतरस्ता', 'शिवरस्ता', 'वहिवाट' असतं. 'पाणंद' एवढंच टाकून बघा. यादी फार लांब आली तर तारखेने कमी करा. शेतरस्त्यांबाबत महसूल व वन विभागाचा मे २०२५ चा जीआर आहे. रस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी, असं त्यात आहे. तो स्वतः काढून वाचा.

वाचताना वरचा 'संदर्भ' किंवा 'वाचा' हा भाग सोडू नका. आधीचे जीआर तिथे तारखेसह दिलेले असतात. आणि 'अधिक्रमित' हा शब्द दिसला तर समजा, जुना कागद बाद झाला.

*पण जीआर म्हणजे कायदा नव्हे*

जीआर कायद्याच्या खाली असतो. रस्त्याचे दोन कायदे आहेत आणि लोक ते नेहमी एकात एक मिसळतात.

बांधावरून रस्ता *नव्याने हवा* असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. निर्णय तहसीलदार देतात. तो पटला नाही तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

रस्ता *होता आणि कोणी अडवला* तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. यात दावा अडथळा झाल्यापासून *सहा महिन्यांच्या आत* लावावा लागतो. आपल्या सभासदांचे पाच गेले होते ते याच सहातले. आता धावपळ करून दावा लावतोय.

हे कायदे 'इंडिया कोड' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. राज्यांच्या यादीतून महाराष्ट्र निवडा. शोध इंग्रजीत करायचा, पण स्पेलिंगची धास्ती नको, 'मामलतदार' एवढा एकच शब्द इंग्रजीत टाका. या कायद्यात 'तहसीलदार' शोधत बसू नका, १९०६ चा कागद आहे, तिथे मामलतदारच आहे. तसंच तुकडेबंदीसारख्या काही जुन्या कायद्यांच्या नावात आधी 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. एका नावाने नाही सापडला तर दुसऱ्याने बघा. राज्याच्या बऱ्याच कायद्यांची मराठी प्रत विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर असते.

गुगलवरून जात असाल तर उघडण्याआधी पत्ता बघा. शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असेल तरच सरकारी. यूट्यूबवाल्यांचं ऐका हवं तर, पण कलम मूळ कागदात वाचा. कलमाखाली 'परंतु' ने सुरू होणारं वाक्य असतं, खरी मेख बहुतेक वेळा तिथेच असते.

रस्ता अडवला असेल तर आजच तारखेसह फोटो काढून ठेवा, सातबारा आणि गटाचा नकाशा काढा. दावा लिहायला वकील किंवा जाणकार माणूस घ्या. कागद शोधायला अडलात तर गुरुवारी सकाळी १० ते १ कंपनीच्या कार्यालयात मोबाईल चार्ज करून या, सोबत बसून काढू. जीआरचा फॉरवर्ड आला असेल तर पुढे ढकलण्याआधी मला पाठवा, तपासून कळवतो.

– तुमचा कृषी सल्लागार