संगणक भंगारात काढण्यापूर्वी

मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड नावाचे स्थानक आहे. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्यावरून हे नाव पडले. स्थानकातून बाहेर पडून दारूखान्याच्या दिशेने चालू लागलात, तर लोखंडी पत्रे, साखळदंड आणि नळ्यांचे ढीग दिसू लागतात. जुनी जहाजे तोडण्याचा धंदा इथे अनेक दशके चालत आला. जहाज मोडीत निघाले, तरी त्यातील चालू पंप कोणी भट्टीत टाकत नाही. तो वेगळा काढला जातो.

घरातल्या किंवा शाळेतल्या जुन्या संगणकाच्या बाबतीत मात्र आपण इतका विचार करतो का?

विंडोज १० या प्रणालीसाठी मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. काही अटींवर थोडी मुदतवाढ देण्यात आली, एवढेच. विंडोज ११ ला सुरक्षेसाठी टीपीएम २.० ही सोय लागते आणि प्रोसेसरही ठराविक यादीतलाच लागतो. त्यामुळे साधारणपणे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक अपात्र ठरले. त्यांच्यात बिघाड काहीच नाही! पण प्रणालीत नव्याने सापडणारी छिद्रे बुजवणारा कोणी नसेल, तर तो संगणक इंटरनेटला जोडणे धोक्याचे. मग दुकानदार म्हणतो, “नवीन घ्या.”

नवीन घेण्यापूर्वी एक मार्ग पाहण्यासारखा आहे. यंत्र तेच ठेवून प्रणाली बदलायची. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने तिला मिळाली आणि एक पूर्ण प्रणाली उभी राहिली. लिनक्स फुकट मिळते हे खरे, पण माझ्या मते तिचा मोठा गुण वेगळाच आहे. तिची आज्ञावली कोणालाही वाचता येते आणि बदलता येते. म्हणून दुबळ्या यंत्रासाठी हलकी आवृत्ती कोणीही तयार करू शकतो.

याचे एक उदाहरण आपल्याजवळच घडले. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट धनगरवाडा आहे. तेथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पातले हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. प्रोसेसरचा वेग ४३३ मेगाहर्ट्झ, स्मृती २५६ मेगाबाइट. आजच्या साध्या मोबाइलपुढेही हे काहीच नव्हे. पण त्यावर लिनक्स होते, आणि वीस-बावीस मुले लिहू लागली, चित्रे काढू लागली, खेळू लागली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनीही या मुलांबरोबर काम केले. शहर वसवण्याचा ‘सिमसिटी’ हा प्रसिद्ध खेळ याच लॅपटॉपसाठी दिला गेला, आणि २००८ मध्ये त्याची आज्ञावली ‘मायक्रोपोलिस’ नावाने सर्वांना खुली झाली.

रोजच्या कामाला लिनक्सवर अडत नाही. फायरफॉक्सने इंटरनेट पाहता येते. लिब्रेऑफिसमध्ये निबंध, तक्ते होतात, आणि त्याचे मेनूही मराठीत मिळतात. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीतून धडे आहेत.

आता तुम्ही विचाराल, “पण खेळांचे काय? ते तर विंडोजसाठी बनवलेले!” प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी पुन्हा हार्बर मार्गावर येऊ.

१९२५ साली या मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. तेव्हा डोक्यावरच्या तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. २०१६ मध्ये त्या जागी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. रूळ तेच राहिले, रुळांमधले अंतरही तेच, पण फक्त एकदिश प्रवाहावर चालणारी जुनी गाडी या तारेखाली निरुपयोगी झाली. धावू शकल्या त्या ट्रान्सफॉर्मर आणि रूपांतरक बरोबर घेऊन फिरणाऱ्या गाड्या.

आपल्या संगणकातला प्रोसेसर म्हणजे रूळ. तो दोन्ही प्रणालींत एकच असतो, म्हणून खेळातल्या बेरजा-वजाबाक्या जशाच्या तशा चालतात. अडते ते मागणी करताना. खेळ म्हणतो, “सी ड्राइव्हमधली अमुक फाइल दे.” लिनक्समध्ये सी ड्राइव्ह नावाचा प्रकारच नाही! इथे ‘वाइन’ ही आज्ञावली मध्ये येते. १९९३ पासून तिच्यावर काम चालू आहे. ती एक साधा फोल्डर ‘हाच सी ड्राइव्ह’ म्हणून पुढे करते आणि विंडोजच्या भाषेतील मागणी लिनक्सच्या भाषेत मांडते. चित्रांचेही तसेच. डायरेक्ट-थ्रीडी या पद्धतीच्या आज्ञा व्हल्कन या पद्धतीत बदलल्या जातात. वाइनवर आधारलेले ‘प्रोटॉन’ व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणले, आणि २०२२ मध्ये आलेले तिचे स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र लिनक्सवरच चालते.

हे रूपांतर म्हणजे संपूर्ण संगणकाची नक्कल नव्हे. नकली प्रोसेसर उभा करून एकेक आज्ञा उलगडावी लागली असती, तर खेळ रखडला असता. इथे फक्त मागण्यांचे भाषांतर होते, म्हणून वेळ फारसा जात नाही.

तरीही काही खेळ चालत नाहीत. ‘व्हॅलोरंट’चेच पाहा. खेळाडूने लबाडी करू नये म्हणून त्याबरोबर एक पहारेकरी आज्ञावली येते, आणि ती थेट विंडोजच्या गाभ्यात बसते. लिनक्सचा गाभा निराळा. तिथे तिला जागाच नाही. शिवाय व्हल्कन न जाणणाऱ्या फार जुन्या चित्र-चिपवर प्रोटॉनचा उपयोग बेताचाच. दहा वर्षांपूर्वीच्या संगणकावर कालचा खेळ पळेल, अशी आशा धरू नका. तो विंडोजवरही पळाला नसता.

करून पाहायचे असेल, तर आधी आपल्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. मग ८ गिगाबाइटच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंटसारखी आवृत्ती शिक्षकांच्या मदतीने उतरवा आणि संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे तासभर पाहा. पेन ड्राइव्हवरून सगळे थोडे सावकाश चालेल, त्याने बिचकू नका. संगणक बंद करून पेन ड्राइव्ह काढलात, की पुढच्या वेळी जुनी प्रणाली पूर्वीसारखीच सुरू होईल.