वकिलाची फी आणि अशिलाचें दप्तर

वैद्य, वकील व शिक्षक या तिघांशीं पैशाचा वाद घालूं नये, असें आमचे वडील म्हणत. त्यांपैकीं शिक्षकाशीं वाद घालण्याइतका पैसाच त्यास कोणी देत नाहीं, हा भाग निराळा. वकिलाशीं वाद पडला म्हणजे काय होतें, हें मात्र आमच्या घरानें अनुभविलें आहे. माझ्या चुलत्यांनीं वडिलार्जित घराच्या वांटणीचा दावा लढविला. सात वर्षांनीं त्यांस वकील बदलावा असें वाटलें. जुन्या वकीलसाहेबांनीं फीची बाकी काढली व ती चुकती होईपर्यंत दप्तर मिळणार नाहीं, असें बजावलें. ठराव तोंडी, पावती एकहि नाहीं. मूळ वांटणीपत्र त्यांच्या कपाटांत, आणि तारीख आठवड्यावर! अखेर काकूंच्या पाटल्या मोडून दप्तर सोडवून आणलें. फी वाजवी होती कीं अवाजवी, तें आजवर कोणास कळलें नाहीं.

विद्येचें मोल घेणें यांत कमीपणा नाहीं. शुक्रनीतींत वादीच्या वतीनें बोलणाऱ्या नियोग्याचें वेतन वादाच्या रकमेच्या सोळाव्या हिश्शापासून सांगितलें आहे; रक्कम जसजशी मोठी, तसतसा हिस्सा लहान. लोभानें अधिक घेणाऱ्यास राजानें दंड करावा, असेंहि तेथें आहे. इंग्लंडांत बॅरिस्टरची फी ही केवळ सन्मानदक्षिणा मानीत व तिच्यासाठीं त्यास दावा लावतां येत नसे. तो निर्बंध 1990 च्या कायद्यानें गेला. आपल्याकडे 1926 च्या कायद्यानेंच वकिलास फीचा करार करण्याचा व ती न मिळाल्यास दावा लावण्याचा हक्क मिळाला. प्रश्न उरतो तो इतकाच कीं, दावा न लावतां अशिलाचे कागदच अडकवून ठेवावे काय?

याचें उत्तर सर्वोच्च न्यायालयानें 2000 सालीं दिलें. मध्यप्रदेशांतील एका सहकारी बँकेनें 1993 मध्यें आपल्या विधिसल्लागारास दूर करून दप्तर परत मागितलें. त्यानें दप्तराऐवजीं 97,100 रुपयांचें बिल पाठविलें. आधीं पैसे, मग कागद! प्रकरण बार कौन्सिलपुढें गेलें. अखिल भारतीय कौन्सिलनें त्यास दोषी ठरवून अठरा महिने वकिली बंद केली व एक हजार रुपये दंड केला. अपिलांत वकिलानें 1872 च्या करार कायद्याच्या 171 व्या कलमाचा आधार घेतला. न्यायालय म्हणालें कीं, तें कलम ताब्यांत दिलेल्या मालासंबंधीं आहे. खटल्याचे कागद म्हणजे बाजारांत विकतां येणारा माल नव्हे. कागद अडले तर अशिलास दुसरा वकील करतां येत नाहीं आणि न्यायच खोळंबतो. फीसाठीं वकिलास इतर कायदेशीर मार्ग मोकळे आहेत. तथापि असा हक्क आहे, असें त्या वकिलास प्रामाणिकपणें वाटत होतें, म्हणून शिक्षा कमी करून केवळ ताकीद देण्यांत आली.

2017 सालीं दुसरा निकाल झाला. मोटार-अपघातांत पति गमावलेल्या एका स्त्रीनें वकिलास दहा लाख रुपये दिले होते. शिवाय तीन लाखांच्या चेकवर बळजबरीनें सही घेतली, अशी तिची तक्रार होती. मिळणाऱ्या भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरविणें लोकनीतीविरुद्ध आहे, असें न्यायालयानें स्पष्ट केलें. येथें आपल्या जुन्या शास्त्राची व आजच्या कायद्याची वाट वेगळी होते, आणि मला आजची वाट अधिक बरी वाटते. कारण वकिलाचा वांटा निकालांत अडकला म्हणजे त्याचा सल्लाहि निःस्वार्थी राहत नाहीं.

यावरून घरांतील वडीलधाऱ्यांनीं बोध घ्यावा तो असा: वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीं फी व खर्च कागदावर मांडून घ्यावा. दिल्या रकमेची पावती ठेवावी. हिशेब मागण्यास संकोचूं नये. सर्व कागदांच्या नकला घरीं असाव्या, आणि कोर्टास हवे असतील तेव्हांच मूळ दस्तऐवज द्यावे. इतकें करूनहि कोणी दप्तर दाबून ठेविलें तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करतां येते.

मात्र दुसरी बाजूहि विसरूं नये. दावा जिंकेपर्यंत वकीलसाहेब, आणि जिंकल्यावर फी जड, हा स्वभाव आपल्याच घरांत आढळतो. माझ्या चुलत्यांनींहि तीन वर्षे बाकीचा विषय टाळलाच होता. तोंडी ठरावानें दोघांची भीड राखली गेली; पाटल्या मात्र गेल्या त्या काकूंच्या, ज्यांस त्या ठरावाविषयीं कोणी एका शब्दानें विचारलें नव्हतें.