लिंक कुठे संपते?

संशोधनासाठी मजकूर गोळा केला की त्यातले साधे वेबपत्ते क्लिक करता येतील असे करून घ्यावेत, असं कधी ना कधी वाटतंच. काम सोपं दिसतं. पायथनमध्ये एक रेग्युलर एक्स्प्रेशन लिहायची: एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस, पुढे कोलन, दोन स्लॅश आणि मग रिकामी जागा येईपर्यंत जे काही असेल ते सगळं. सापडलेल्या पत्त्याभोवती अँकर टॅग लावायचा. झालं!

मीही हेच केलं होतं. नंतर त्यातल्या किती लिंक्स अजून चालतात हे मोजायला गेलो, तर ४०४ चा नुसता पाऊस. वाटलं, एवढी पानं गायब झाली? हाताने उघडून पाहिलं, तर बरीच जागेवर होती. वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम पत्त्याला चिकटला होता, इतकंच. म्हणजे मी मोजत होतो ती माझ्याच कोडची चूक.

पत्ता सुरू कुठे होतो हे ओळखणं सोपं, संपतो कुठे हे अवघड. मग विरामचिन्हं सरळ वगळायची का? तेही जमत नाही. २००५ च्या आरएफसी ३९८६ या मानकानुसार पूर्णविराम, स्वल्पविराम, गोल कंस हे सगळं पत्त्यात चालतं. विकिपीडियाच्या कित्येक पत्त्यांच्या शेवटी कंसच असतो. तो कापला की लिंक भलतीकडेच जाते.

गिटहबच्या मार्कडाउनमध्ये यावर एक छान तोडगा आहे. अगदी शेवटी आलेला पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वगैरे सोडून द्यायचं, मधलं राहू द्यायचं. शेवटी बंद कंस असेल तर उघडे आणि बंद कंस मोजायचे. बंद जास्त भरले तर जादाचे बाहेर.

मराठी मजकुरात आणखी एक गोची आहे. आपण पत्त्याला ‘वर’, ‘मध्ये’ चिकटवून लिहितो. देवनागरी अक्षर दिसताच थांबायचं म्हटलं, तर मराठी विकिपीडियाचे देवनागरीतले पत्ते अर्धवट तुटतात. इथे दोन्हीकडून बरोबर ठरेल असा नियम नाही. तुमच्या मजकुरात काय जास्त आढळतं ते बघून निवड करावी लागते.

म्हणून आकडे काढण्याआधी शंभरेक लिंक्स हाताने तपासा. आणि कोणता नियम वापरला, तो संशोधन पद्धतीच्या प्रकरणात नक्की लिहा. नियम बदलला की आकडाही बदलतो.