औषधसाठ्याची एक्सेल-नोंदवही : जतन आणि समापन

आमच्या व्यवसायबंधूंपैकी आणि औषधी दुकानदारांपैकी अनेकांनी आता साठ्याची नोंद संगणकावर घेण्यास प्रारंभ केला आहे. एक्सेलसारख्या तक्त्यात बेरीज आपोआप होते, कोणत्या चूर्णाची मुदत कधी संपते हे चटकन दिसते. तथापि कागदी वही आणि ही वही यांत एक मूलभूत भेद आहे. कागदावर शाईने लिहिले की ते कायम झाले. पडद्यावर लिहिलेले मात्र, जतन करीपर्यंत लिहिलेच नाही असे समजावे.

या बाबतीत आमचाच एक अनुभव सांगण्याजोगा आहे. एका वर्षी १ एप्रिलला नवी नोंदवही सुरू करावयाची होती. औषधांची नावे पुन्हा टंकित करण्याचे श्रम वाचावेत म्हणून आम्ही गतवर्षाची फाइल उघडली, नावांचा रकाना तेवढा ठेवला, बाकी सर्व पुसले, ‘सेव्ह’ केले आणि बाहेर पडलो. नवी वही तयार झाली, जुनी मात्र नाहीशी झाली. पुढे एका रुग्णाने पूर्वी नेलेल्या अवलेहाविषयी तक्रार आणली, तेव्हा तो कोणत्या बॅचचा होता हे सांगण्यास आमच्यापाशी नोंद उरली नव्हती. बिलांवरून खरेदी पुन्हा मांडता आली. कोणती बॅच कोणास दिली, हे मात्र कायमचे गेले. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

जतन म्हणजे काय?

आपण टंकित करतो तो मजकूर प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे ‘रॅम’मध्ये असतो. वीज गेली की ही स्मृती रिकामी होते. ‘सेव्ह’ केल्यावर तोच मजकूर डिस्कवर उतरतो व विजेवाचूनही टिकतो. खलात घोटलेले औषध बरणीत भरून, वर चिठ्ठी लावून ठेवावे, तसाच हा प्रकार आहे. वैशाखातील वादळी पावसात आपल्या जिल्ह्यात आर्वी काय नि हिंगणघाट काय, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून दर चार-पाच नोंदींनंतर ‘कंट्रोल’ ही कळ दाबून धरून ‘एस’ दाबावे. ही सवय बोटांना एकदा लागली की पुढे वेगळे स्मरण ठेवावे लागत नाही.

प्रथम जतन करताना

नवी फाइल प्रथमच जतन करताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात.

१. नाव : ‘बुक१’ हे आपोआप आलेले नाव तसेच ठेवू नये. नावात तिरपी रेघ चालत नाही, म्हणून ३१/०३/२०२५ असे लिहिल्यास संगणक नकार देतो. ‘साठा-२०२५-०३-३१’ असे, वर्ष प्रथम घालून लिहावे. त्यामुळे फाइली कालक्रमानेही लागतात.

२. जागा : फाइल कोणत्या फोल्डरमध्ये जात आहे, हे पाहून घ्यावे. ‘हरवलेल्या’ कित्येक फाइली दुसऱ्याच फोल्डरात सुखरूप असतात.

३. प्रकार : एक्सेल २००७ पासून ‘एक्सएलएसएक्स’ हा नेहमीचा प्रकार आहे, तोच ठेवावा. ‘सीएसव्ही’ प्रकारात केवळ समोरचे एक पत्रक उतरते, सूत्रे व रंग लोप पावतात. विनामूल्य मिळणाऱ्या लिब्रेऑफिस कॅल्कचा स्वतःचा प्रकार ‘ओडीएस’ आहे. परंतु हिशेबनीस एक्सेल वापरीत असल्यास तेथेही ‘एक्सएलएसएक्स’ निवडता येतो.

‘सेव्ह’ आणि ‘सेव्ह अ‍ॅज’

‘सेव्ह’ त्याच बरणीतील जुने काढून नवे भरते. ‘सेव्ह अ‍ॅज’ जुनी बरणी तशीच ठेवून नव्या नावाची दुसरी बरणी भरते. एक्सेलमध्ये ‘एफ १२’ या कळीने ते मिळते. जुन्या फाइलीवरून नवी करावयाची असेल, तर उघडताक्षणीच, एकही अंक पुसण्यापूर्वी, ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवे नाव द्यावे. आमची चूक नेमकी येथेच झाली.

समापन

काम संपल्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यातील फुलीने किंवा ‘ऑल्ट’ व ‘एफ ४’ या कळींनी बाहेर पडता येते. जतन न केलेला बदल असल्यास संगणक विचारणा करतो व तीन पर्याय देतो. ‘सेव्ह’ म्हणजे जतन करून बंद करणे. ‘डोन्ट सेव्ह’ म्हणजे शेवटच्या जतनानंतरचे सर्व टाकून देऊन बंद करणे. ‘कॅन्सल’ म्हणजे बंद न करता परत कामावर येणे. रुग्णांची गर्दी असताना प्रश्न न वाचताच बटन दाबले जाते आणि दिवसाच्या नोंदी जातात. संशय असेल तेव्हा ‘कॅन्सल’ दाबून फाइल एकवार पाहावी.

उलटपक्षी, चुकून काही पुसले गेल्याची शंका असेल, तर ‘डोन्ट सेव्ह’ हाच उपकारक पर्याय होय; पूर्वी जतन केलेली फाइल अबाधित राहते. काहीही न बदलता प्रश्न आला तरी घाबरू नये. मुदत मोजण्यासाठी आजच्या तारखेचे सूत्र घातलेले असल्यास एक्सेल फाइल उघडताच नवी गणना करते व तो बदल मानते.

चूक जतन झाली तरी फाइल बंद करण्यापूर्वी ‘कंट्रोल’ व ‘झेड’ दाबून मागे जाता येते. बंद केल्यावर हा मार्ग उरत नाही. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी क्षणभर थांबून तक्त्यावरून नजर फिरवावी.

आपोआप जतनाविषयी

एक्सेल सामान्यतः दर १० मिनिटांनी आकस्मिक प्रसंगासाठी एक प्रत ठेवते. ती आपत्कालीन चिकित्सा आहे, नित्यचर्या नव्हे. गूगल शीट्समध्ये, तसेच वनड्राइव्हवरील फाइलीत ‘ऑटोसेव्ह’ चालू असल्यास, प्रत्येक बदल आपोआप जतन होतो. तेथे चुकीचे पुसणेही तत्काळ जतन होते, हे विसरू नये. अशा वेळी आवृत्त्यांच्या इतिहासातून जुनी प्रत परत आणावी.

शेवटी, आठवड्यातून एकदा फाइलीची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती दवाखान्याबाहेर ठेवावी. पेन ड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करावे आणि संगणक मुख्य बटनाने न मालवता ‘शट डाउन’नेच बंद करावा. रुग्णाने विचारले असता उत्तर देता यावे, यासाठीच नोंद असते. तिचे जतन हाही आपल्या वैद्यकर्माचाच भाग होय.