एआरटी आणि हृदयरोगाची औषधे

आंतरक्रिया म्हणजे काय?
एका औषधामुळे दुसऱ्या औषधाचे रक्तातील प्रमाण किंवा परिणाम बदलणे म्हणजे आंतरक्रिया. एचआयव्हीला रोखणारी औषधोपचार पद्धती, म्हणजे एआरटी (अँटिरेट्रोव्हायरल थेरपी), देशात १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. त्यामुळे एचआयव्हीबाधितांचे आयुर्मान वाढले आणि वयाबरोबर येणारे रक्तदाब, हृदयरोगही त्यांच्या वाट्याला आले. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात एआरटी केंद्र आहे. बीपीची गोळी मात्र अनेकदा गावातल्या डॉक्टरांकडून सुरू होते. अशा दोन ठिकाणच्या औषधांची गाठ शरीरात पडते.

ती कशी घडते?
यकृत व आतड्यातील सीवायपी३ए४ हे विकर अनेक औषधांचे विघटन करते. रिटोनाविर हे एआरटीतील औषध या विकराला रोखते, म्हणूनच ते अटाझानाविर, लोपिनाविर या एचआयव्हीच्या औषधांना जोड म्हणून दिले जाते. मात्र याच विकराने विघटित होणारी हृदयाची औषधेही मग रक्तात साचतात. उलट इफाव्हिरेन्झ हे एआरटीतील औषध विकराची क्रिया वाढवते; त्यामुळे काही औषधांचा प्रभाव घटतो.

कोणत्या जोड्या जोखमीच्या?
रिटोनाविरसोबत सिमव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध वर्ज्य आहे, कारण त्यातून स्नायू व मूत्रपिंडांना गंभीर इजा होऊ शकते. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाचे प्रमाण वाढून पायांना सूज येते किंवा रक्तदाब फार उतरतो. रक्ताची गुठळी रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलचे उलटे आहे: ते यकृतात सक्रिय व्हावे लागते आणि रिटोनाविर तीच क्रिया मंदावते, परिणामी गुठळी रोखण्याची शक्ती कमी होते.

सुरक्षित पर्याय
डोल्युटेग्राविर असलेल्या टीएलडी या एआरटीच्या एकत्रित गोळीचा हृदयाच्या बहुतेक औषधांशी संघर्ष होत नाही. तरी ती मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचे प्रमाण वाढवते. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त आम्लपित्ताच्या औषधामुळे तिचे शोषण घटते; म्हणून ती त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घेतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीत ७,७६९ एचआयव्हीबाधितांचा समावेश होता. त्यात पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या मोठ्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळल्या.

मर्यादा आणि दक्षता
बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार हंगामात कित्येक महिने पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात असतात. तेथील डॉक्टरांसमोर एआरटीची नोंद नसते आणि कलंकाच्या भीतीने ती सांगितलीही जात नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन घातले आहे. आंतरक्रियेच्या धास्तीने कोणतेही औषध परस्पर बंद करणे धोक्याचे ठरते. मात्रा किंवा औषध बदलून बहुतेक प्रश्न सुटतात. त्यासाठी दोन्ही उपचारांची एकत्रित यादी प्रत्येक डॉक्टरांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.