घरात धान्य आहे, तरी लेकरू का वाळतं?

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले ‘बघा’, ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

कुपोषण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोणतं गाव येतं? माझ्या तर मेळघाट यायचं. नाहीतर नंदुरबार, जव्हार, मोखाडा. पावसाळा लागला की टीव्हीवर बातमी येते, कुणीतरी दौरा करतं, आणि आपण वर्ध्यात बसून म्हणतो, “बापरे, तिकडं लई वाईट आहे बाप्पा.” आपला जिल्हा कसा, तर सेवाग्राम इथं, दोन मोठी मेडिकल कॉलेजं इथं, 2011 च्या जनगणनेत साक्षरता 87 टक्क्यांच्या आसपास. इथं कुठलं कुपोषण?

आहे. फक्त त्याची बातमी होत नाही. एका वस्तीत पन्नास लेकरं सापडली तर बातमी होते. एका गावात एक, शेजारच्या गावात दोन, अशी विखुरलेली असली तर ती रजिस्टरमध्येच राहतात. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजमधल्या मंडळींनी वर्ध्याच्या ग्रामीण भागातल्या मुलांच्या खुजेपणामागची सामाजिक कारणं शोधून 2013 मध्ये शोधनिबंध छापला होता. म्हणजे जाणकारांना हे जुनं माहीत आहे. आपल्यालाच नवीन आहे.

आधी ‘तीव्र’ म्हणजे काय ते बघू, कारण घोळ इथंच होतो. मुलाचं कमी पोषण तीन प्रकारे मोजतात. वयाच्या मानानं उंची कमी असली तर खुजेपणा. हा हळूहळू, महिनोन् महिने साचत जातो. उंचीच्या मानानं वजन कमी असलं तर लुकडेपणा. हा आठवड्यांत येऊ शकतो. आणि वयाच्या मानानं वजन कमी, ज्यात वरचे दोन्ही मिसळलेले असतात. लुकडेपणा एका मर्यादेपलीकडे गेला की त्या लेकराला अंगणवाडीच्या भाषेत ‘सॅम’ म्हणतात. त्याच्या अलीकडचं ‘मॅम’.

हे ओळखायची एक साधी पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची. घेर 12.5 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर हिरवा, 11.5 ते 12.5 असेल तर पिवळा, 11.5 पेक्षा कमी आला की लाल. आता तुमच्या हातातला मोबाईल बघा. त्याची रुंदी साधारण साडेसात सेंटिमीटर. तिच्या दीडपट म्हणजे हा लाल घेर. आणि आपण दंडाच्या जाडीबद्दल नाही, पूर्ण वेढ्याबद्दल बोलतोय. एक खूण पट्टीवर दिसत नाही. दोन्ही पावलांवर सूज असते आणि अंगठ्यानं दाबलं की खळगा तसाच राहतो. असं लेकरू कधी कधी गुटगुटीत दिसतं, आजी खूशही होते, पण तेसुद्धा सॅमच. अशा मुलांना साधा जुलाब, साधा न्यूमोनियाही झेपत नाही. चांगल्या पोसलेल्या मुलाच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे नऊ पट धरतात.

आता दोनच आकडे सांगते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 10.9 टक्के मुलं तीव्र लुकडी निघाली. देशाची सरासरी 7.7. आपण देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एक ना? त्याआधीच्या, 2015-16 च्या पाहणीत हाच आकडा 9.4 होता. म्हणजे कमी व्हायचा तर वाढला.

मग प्रश्न पडतो की लोकांकडे खायला नाही का? रेशनचं गहू-तांदूळ बहुतेक घरांत येतं. शेत असेल तर तुरीची डाळ घरची असते. तांदूळ डब्यात आहे, डाळ डब्यात आहे, आणि आठ महिन्यांचं लेकरू वाळतंय. युनिसेफनं 1990 मध्ये कुपोषणाच्या कारणांची एक मांडणी केली, ती जगभर वापरतात. सगळ्यात वर कमी खाणं आणि आजारपण. त्याखाली घरातलं अन्न, लेकराची देखभाल, पाणी-स्वच्छता-दवाखाना. आणि तळाशी पैसा, शिक्षण, बाईची घरातली जागा, समाज. मला यातला ‘देखभाल’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण देखभालीला वेळ लागतो. आणि वेळ कुणाकडे असतो?

दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणीला येतो. वेचणीची मजुरी किलोवर. म्हणजे दुपारी घरी येऊन लेकराला पाजायचं, भरवायचं, तर तेवढे किलो कमी, तेवढे पैसे कमी. बाई सकाळी स्वयंपाक करून निघते आणि संध्याकाळी येते. मधल्या वेळात लेकरू आजीजवळ, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ. आजीचे डोळे अधू. बहीण बिचारी स्वतःच लहान. ती भरवते, पण दोन घास नको म्हटलं की ताट बाजूला. लहान लेकराला भरवणं म्हणजे अर्धा तास बसून, गाणं म्हणून, चिमणीचा घास करून खाऊ घालणं. तेही दिवसातून तीन-चार वेळा. हे काम कुठल्याच मस्टरवर लागत नाही.

आता ताटात काय असतं ते बघू. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, हे आता बऱ्याच जणींना पाठ आहे. गडबड सातव्या महिन्यापासून सुरू होते. आपल्याकडे उष्टावण होतं, फोटो निघतात, स्टेटसला लागतात. पण खरं रोजचं जेवण त्यानंतरही सुरू होत नाही. “दात कुठं आले अजून”, “पचणार नाही”, “मागेल तेव्हा देऊ”. आणि दिलं तर काय? वरणाचं पाणी. वरचं, नितळ.

इथं थोडं गणित करू. सहा किलोच्या लेकराचं पोट एका वेळी साधारण 180 मिलिलिटर घेतं, म्हणजे एक छोटी वाटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं, आईचं दूध व्यवस्थित चालू असताना, 6 ते 8 महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज 200 कॅलरी लागतात, 9 ते 11 महिन्यांत 300, आणि एक वर्षानंतर 550. आता ती वाटी वरणाच्या पाण्यानं भरली की पोट भरलं, बाळ गप्प झालं, पण मिळालं जवळपास काहीच नाही. त्याच वाटीत घट्ट वरण, भात कुस्करून, वर एक चमचा तेल टाकलं तर? एका छोट्या चमचाभर तेलात 45 च्या आसपास कॅलरी असतात. तेल प्रत्येक घरात आहे. खर्च तर नाहीच वाढला. चमच्यावरून घास ओघळला तर अन्न पातळ, चमच्यावर थांबला तर बरोबर. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

(जाता जाता एक गंमत. 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले होते, ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलंही होतं. आज जिल्हाभर सोयाबीन पिकतं. ते खळ्यावरून थेट बाजार समितीत जातं आणि घरात परत येतं ते तेलाच्या पिशवीतून.)

आणि पाच रुपयांचा पुडा. त्याच्यावर मी फार बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. रडणाऱ्या लेकराला चहात बुडवलेलं बिस्किट किंवा कुरकुरीत काहीतरी दिलं की ते शांत बसतं, आणि जेवायच्या वेळी भूक मेलेली असते. पण आईला बोल लावायच्या आधी बघा की तिच्याकडे अर्धा तास नव्हता, पाच रुपये होते.

खरं तर गोष्ट लेकराच्या जन्माआधीच सुरू होते. याच पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, 54.2 टक्के बायांना रक्तक्षय निघाला. 20 ते 24 वयाच्या मुलींपैकी 21.9 टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं. सतरा-अठराव्या वर्षी गरोदर राहिलेल्या पोरीचं स्वतःचं शरीर अजून वाढत असतं. त्यात घरात सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायचं. वर “जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं, बाळंतपण अवघड जातं” हा सल्ला. मग बाळ अडीच किलोच्या आत जन्मतं. दीड वर्षात दुसरं पोटात. पहिल्याचं दूध तुटतं, आणि तो कोपऱ्यात बसून बघत राहतो. सॅमच्या यादीत असे ‘पहिले’ खूप असतात, असं माझी मावशी सांगते. ती पंधरा वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे.

अभ्यासांमध्ये एक ओळ हमखास येते, की आईचं शिक्षण कमी असेल तर मूल कुपोषित असण्याची शक्यता जास्त. ही ओळ वाचून लोक चटकन म्हणतात, “अडाणी आहेत हो, समजत नाही त्यांना.” मला हे पटत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसतात याचा अर्थ एकीमुळे दुसरी झाली असा होत नाही. बारावी शिकलेल्या मुलीचं लग्न उशिरा झालेलं असतं, घर बहुतेक जरा बऱ्या स्थितीतलं असतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ती सासूला “आई, वरण घट्ट देते मी” असं म्हणू शकते. लेकराला ताप आला तर कुणाला न विचारता ऑटो करून दवाखान्यात नेऊ शकते. न शिकलेलीला माहिती नसते असं नाही. कित्येकदा माहिती असते, परवानगी नसते. हातात शंभर रुपये नसतात.

पैशाचं म्हणाल तर आपल्या भागातलं पैशाचं वेळापत्रकच विचित्र आहे. जूनमध्ये पेरणीला कर्ज, आणि पैसा येतो दिवाळीनंतर. मधले महिने कोरडे. पोळा, तान्हा पोळा येतो तोवर घरातला पैसा संपलेला असतो. त्याच दिवसांत निंदणाचं काम जोरात, म्हणजे आई दिवसभर वावरात. आणि त्याच दिवसांत पाणी गढूळ, म्हणजे जुलाब. तिन्ही एकाच वेळी. जुलाब लागले की “पोटाला आराम द्या” म्हणून खाणं बंद करतात, तिथं लेकरू आठ दिवसांत हिरव्यावरून पिवळ्यावर येतं. जुलाबात दूध आणि जेवण चालूच ठेवायचं, ओआरएस पाजायचं, आणि झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण करायच्या. आशाताईकडे दोन्ही मिळतं.

वर्धा हा 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. ज्या घरातला कर्ता गेला, तिथली बाई त्याच्या कर्जासकट शेत सांभाळते आणि मजुरीलाही जाते. दारूबंदी जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून आहे, आणि दारू कुठं मिळते हे गावातल्या शाळकरी पोट्ट्यालाही माहीत आहे. संध्याकाळची मजुरी त्या वाटेनं गेली की अंडी, दूध, शेंगदाणे हे आधी कमी होतात.

मग सरकार काय करतं? करतं बरंच. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 पासून चालू आहे. पण त्यात एक फट आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत येऊन बसतात, गरम ताजा आहार खातात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना मात्र घरी न्यायची पाकिटं, टीएचआर. म्हणजे ज्या वयात घसरण सगळ्यात जास्त होते, त्याच वयाचं लेकरू कुणाच्या समोर बसून खात नाही. पाकीट घरी जातं आणि चार तोंडांत वाटलं जातं, नाहीतर चव आवडली नाही म्हणून जनावरापुढे. आईला दिवसभर कामावर जायचं असेल तर तिच्या दीड वर्षाच्या लेकरासाठी गावात पाळणाघर नसतं. माझ्या मते वर्ध्यासारख्या जिल्ह्यात वेचणी आणि निंदणाच्या महिन्यांत गावातच पाळणाघर चालवणं, हा पाकिटात काय भरायचं यापेक्षा मोठा प्रश्न आहे.

लेकरू सॅममध्ये निघालं तर पहिली गोष्ट म्हणजे भूक चाचणी. दिलेलं खाल्लं, ताप नाही, सूज नाही, तर त्याला भरती करावं लागत नाही. गावातच ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेकदा थोडं थोडं, जास्त ऊर्जेचं खाणं देऊन ते सुधारू शकतं. बहुतेक सॅम मुलं या गटात येतात. खात नसेल, सुस्त असेल, सूज असेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती, साधारण चौदा दिवस, आई सोबत.

त्या चौदा दिवसांवर मी थोडं थांबते. आईला बुडीत मजुरी म्हणून काही रक्कम मिळते. पण घरी मोठी पोरगी आहे, तिची शाळा आहे. दोन शेळ्या आहेत. सासऱ्यांना वेळेवर भाकर लागते. शेजारीण विचारते, “एवढं काय झालं त्याला, लुकडाच आहे ना?” पाचव्या दिवशी लेकरू हसायला लागलं की आई पिशवी भरते. डॉक्टर थांबवतात, नवरा फोनवर म्हणतो ये. ती निघून आली की वॉर्डातली नोंद होते, ‘सल्ला न मानता घरी गेली’. नवऱ्यानं सुट्टी काढून शेळ्या आणि पोरगी सांभाळली का, याचा रकाना त्या कागदावर नसतो.

तर तुमच्या घरात, गल्लीत तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर अंगणवाडीत नेऊन दंड मोजून घ्या. पट्टी लावायला एक मिनिट लागत नाही. लाल आलं, पावलांवर सूज दिसली किंवा लेकरू खायलाच तयार नसेल तर त्याच दिवशी दवाखाना. वाहन नसेल तर 108 फुकट येते. आणि आई भरती झाली तर तिच्या घरच्या शेळ्या कोण सोडणार, ते आधी ठरवा.

पुढच्या भागात मावशी येणार आहे, टीएचआरच्या पाकिटाचे चांगले लाडू करून दाखवायला. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, लांब नको, एक मिनिटाच्या आत. भेटू.