समोर असणे म्हणजे काय? महामारीनंतरची न्यायालये

विषय न्यायालयाचा आणि लिहिणारा होमिओपॅथीचा डॉक्टर, याचे आपल्याला नवल वाटेल. पण करोनाच्या काळात डॉक्टर आणि न्यायाधीश यांच्यापुढे एकच पेच एकाच वेळी उभा राहिला होता. समोर नसलेल्या माणसाचे काम कुठपर्यंत करता येते? त्या दिवसांत मी जुन्या रुग्णांना फोनवर औषध सांगत असे, आणि बहुतेक वेळा ते जमलेही. एकदा एका आजोबांनी फोनवर 'थोडा खोकला आहे, बाकी काही नाही' असे सांगितले. दोन दिवसांनी ते स्वतःच दवाखान्यात आले. दारापासून खुर्चीपर्यंत येताना त्यांना लागलेली धाप पाहिली आणि औषध न देता मी त्यांना तसेच इस्पितळात पाठवले. ती धाप फोनवर मला ऐकू आली नव्हती, कारण फोनवर ते बसून बोलत होते.

न्यायालयांना हाच प्रश्न कितीतरी मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला. आपल्यापैकी ज्यांचा एखादा दावा चिकोडीत, हुक्केरीत किंवा धारवाडच्या खंडपीठात पडून आहे, त्यांनी त्याचे उत्तर कुठवर आले आहे हे जाणून घेतलेले बरे.

सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2020 रोजी नेहमीचे कामकाज थांबवले आणि फक्त तातडीची प्रकरणे दूरदृश्य प्रणालीने ऐकायचे ठरवले. त्याच दिवशी आणखी एक आदेश निघाला. पक्षकाराच्या दृष्टीने माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. अपील किंवा दावा दाखल करायला कायद्याने ठरावीक मुदत असते आणि ती चुकली की हक्कच जातो. बस बंद, वकिलाचे कार्यालय बंद, मग मुदत पाळायची कशी? न्यायालयाने 15 मार्च 2020 पासून मुदतीचे घड्याळच थांबवले. ते किती काळ थांबवावे याचा अंदाज मात्र कोणालाच नव्हता. 2021 च्या मार्चमध्ये घड्याळ पुन्हा सुरू केले, एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तसे पुन्हा थांबवले, ऑक्टोबरपासून चालू केले आणि जानेवारी 2022 मध्ये परत थांबवले. शेवटचा हिशेब असा झाला की 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सगळा काळ मुदतीतून वगळायचा, आणि ज्यांची मुदत या काळात संपली त्यांना 1 मार्च 2022 पासून 90 दिवस द्यायचे. ज्यांची मुदत 15 मार्च 2020 च्या आधीच संपली होती, त्यांना मात्र यातून काही मिळाले नाही.

या घड्याळाचा फायदा पोलिसांनाही घ्यावासा वाटला. अटकेनंतर गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. टाळेबंदीत आमचीही मुदत वाढली, असे सरकारी बाजूचे म्हणणे पडले आणि काही न्यायालयांनी ते मान्यही केले. 19 जून 2020 रोजी एस. कासी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. मुदतवाढ अडलेल्या पक्षकारासाठी आहे, माणसाला जास्त दिवस कोंडून ठेवण्यासाठी नाही, असा त्या निकालाचा अर्थ. टाळेबंदीच्या काळातले सर्वांत शहाणपणाचे जे दोनचार निकाल असतील, त्यांत मी हा धरतो.

दूरदृश्य सुनावणीचे नियम 6 एप्रिल 2020 च्या आदेशाने आले. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ज्या पक्षकाराकडे साधन नाही त्याला ते न्यायालयाने उपलब्ध करून द्यावे, ही एक. आणि दोन्ही पक्षांची संमती असल्याशिवाय साक्षीपुरावा पडद्यावर नोंदवू नये, ही दुसरी. म्हणजे युक्तिवाद पडद्यावर चालेल, पण साक्ष चालेलच असे नाही, हा भेद पहिल्याच पंधरवड्यात केला गेला. सर्वोच्च न्यायालयात प्रामुख्याने युक्तिवादच होतात, त्यामुळे तिथले काम निभावले. तालुक्याच्या न्यायालयात साक्ष, उलटतपासणी, कागदांवरच्या सह्या ओळखणे हेच मुख्य काम. ते अडून राहिले.

साक्ष पडद्यावर घेणे बेकायदा आहे असे मात्र नाही, आणि याचा निकाल करोनाच्या कितीतरी आधी, एका डॉक्टरांच्या खटल्यातच लागला होता. मुंबईच्या कर्करोग शल्यविशारदावर निष्काळजीपणाचा आरोप होता आणि महत्त्वाचे साक्षीदार डॉक्टर अमेरिकेत होते. ते भारतात यायला तयार नव्हते. 'आरोपीच्या हजेरीत पुरावा घ्यावा' असे कायदा म्हणतो, मग पडद्यावरची हजेरी ही हजेरी होते का? महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या 2003 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने होय म्हटले. (डॉक्टरांची पुढे 2013 मध्ये त्याच न्यायालयाने निर्दोष सुटका केली, हेही सांगायला हवे.)

कौटुंबिक वादात हाच प्रश्न निराळ्या रूपात आला. ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपैकी दोघांचे मत पडले की, समेटाचा प्रयत्न चालू असताना पती-पत्नी एका खोलीत समोरासमोर असायला हवेत. समेट फसला आणि दोघांनीही मागणी केली तरच पडदा वापरावा. तिसरे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांना हे पटले नाही. मला इथे कोणा एकाची बाजू घेता येत नाही. दूरच्या गावी माहेरी राहणाऱ्या आणि कडेवर लेकरू असलेल्या बाईला प्रत्येक तारखेला बसने बोलावणे ही शिक्षाच आहे. पण समेट घडवायला बसलेल्या माणसाला दोघांचे अवघडलेपण दिसावे लागते, हेही मी रोज पाहतो.

प्रत्यक्ष कामकाजाकडे परतणे एका दिवसात झाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2021 पासून अंतिम सुनावणीच्या प्रकरणांना संमिश्र पद्धत दिली, म्हणजे कोणी दालनात यावे, कोणी पडद्यावर. 20 ऑक्टोबरपासून बुधवार आणि गुरुवार प्रत्यक्ष हजेरी सक्तीची केली. 3 जानेवारी 2022 ला ओमायक्रॉनमुळे सगळे परत पडद्यावर गेले आणि 4 एप्रिल 2022 पासून पूर्ण प्रत्यक्ष कामकाज सुरू झाले. पुढे काही उच्च न्यायालयांनी पडद्याची सोय आखडती घेतली, तेव्हा ऑक्टोबर 2023 मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने बजावले की कोणत्याही वकिलाला किंवा पक्षकाराला दूरदृश्य वा संमिश्र सुनावणी नाकारू नये.

त्यानंतर दोनच महिन्यांत कर्नाटक उच्च न्यायालयाला आपले दूरदृश्य कामकाज आणि थेट प्रक्षेपण तात्पुरते बंद करावे लागले. कोणीतरी सुनावणीत घुसून अश्लील चित्रफिती दाखवल्या होत्या. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे म्हणजे आपल्या निपाणीचे. दालनाच्या दारावर पट्टेवाला उभा असतो तसा पडद्याच्या दारावरही कोणीतरी लागतो, हे त्या प्रकाराने सर्वांना कळले.

आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 530 प्रमाणे खटल्याचे जवळजवळ सगळे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करता येते. हे वाचून कोणाला वाटेल की समोर असण्याचा प्रश्न संपला. पण त्याच संहितेचे कलम 187 पाहा. अटक केलेल्या माणसाला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे प्रत्यक्ष उभे करावे लागते, आणि तो पोलीस कोठडीत आहे तोवर दर वेळी. एकदा तो न्यायालयीन कोठडीत गेला की मग पडदा चालतो. हा नियम जुन्या संहितेतही होता. त्यामागचे कारण डॉक्टरला चटकन समजते. कॅमेऱ्यात छातीपासून वरचा भाग दिसतो. लंगडत चालणे, तळव्याची सूज, बसताना आवळलेला जबडा दिसत नाही. आणि 'मारहाण झाली का?' या प्रश्नाला आरोपी उत्तर देत असतो तेव्हा पडद्याच्या चौकटीबाहेर, त्याच्या शेजारी कोण उभे आहे, तेही दिसत नाही.

आपल्या भागात याला भाषेची आणखी एक बाजू आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे दावे कन्नड किंवा इंग्रजीत चालतात. दालनात आपण वकिलाच्या मागे बसतो, त्यांच्या कोटाला हात लावून 'काय म्हणाले साहेब?' असे हळूच विचारतो, नाहीतर बाहेर आल्यावर कारकुनाकडून समजून घेतो. पडद्यावर वकील त्यांच्या कार्यालयात आणि आपण आपल्या घरी. सुनावणी पाच मिनिटांत संपते, पडदा काळा होतो आणि आपला निकाल लागला की तारीख पडली, हे संध्याकाळी फोन करून विचारावे लागते. या गोष्टीची दखल मी कोणत्याही नियमावलीत घेतलेली पाहिली नाही.

म्हणून अथणी, खानापूरकडच्या वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे. नुसती पुढची तारीख पडणार असेल, कागद दाखल व्हायचे असतील, कायद्याच्या मुद्द्यावर युक्तिवाद असेल, तर वकिलांना पडद्यासाठी अर्ज करायला सांगा. पहाटेची बस वाचेल. स्मार्टफोन नसेल तर न्यायालयाच्या आवारात ई-सेवा केंद्र आहे का, ते विचारा. आपल्या प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक कागदावर लिहून घरात ठेवा. पुढची तारीख त्यावरून कोणत्याही नातवाला मोबाइलवर काढता येते. पण ज्या दिवशी तुमची स्वतःची साक्ष असेल, त्या दिवशी जाऊन उभे राहा. आणि घरातल्या कोणाला अटक झाली असेल, तर पहिल्या हजेरीला दोन माणसे तरी न्यायालयात असू द्या.